रुळांतली वीज तोडावी का? गच्चीवरच्या इंजिनात बॅटरी घालण्यावरून

गच्चीवरचा गार्ड :
माझं मत सरळ आहे. मॉडेल रेल्वेची छोटी गाडी उघड्यावर धावणार असेल तर रुळांतून वीज द्यायच्या भानगडीत पडूच नये.

पुण्यात गच्चीवर ४५ मिमी गेजचा (म्हणजे दोन रुळांत तेवढं अंतर असलेला) पितळी रूळ टाकून मला सहा वर्षं झाली. इंजिन एलजीबी या जर्मन कंपनीचं श्टाइन्त्स, दोन आसांचं, १:२२.५ प्रमाणातलं. जुलैत झड लागली की रूळ काळे पडतात, जोडपट्ट्यांत ओल शिरते आणि टाकीमागच्या वळणावर वीजच पोचत नाही. दर रविवारी पॉलिश पेपर घेऊन उकिडवा बसायचो. आई म्हणायची, देवाची उपकरणी कधी अशी घासली नाहीस.

गेल्या दिवाळीत इंजिन उघडलं. चाकांना टेकणाऱ्या पट्ट्या आणि रुळांवर घासत जाणारे दोन बूट, यांच्याकडून मोटरला जाणाऱ्या तारा कापल्या. मागच्या बंद वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, १८६५० मापाचे तीन लिथियम सेल, रिमोटचा २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर आणि स्पीड कंट्रोलर. ११.१ व्होल्टला ते पळत नाही, पण एवढ्याशा इंजिनाने पळावंच कशाला? चार डबे घेऊन तीनेक तास आरामात चालतं. आणि खरं वाफेचं इंजिनसुद्धा आपला कोळसा-पाणी बरोबर घेऊनच निघतं की!

रूळपट्टी :
आणि मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटीहून कुर्ल्याला गेलेली विजेची गाडी काय कोळसा घेऊन निघाली होती? बाहेरून वीज घेणं हीही रेल्वेच आहे, गार्डसाहेब.

मुद्दा घासण्याचा नाहीच. माझ्या खोलीतल्या एचओ (१:८७ प्रमाणातल्या) मांडणीत गाडी कुठे आहे हे रूळच सांगतो. ज्या तुकड्यात इंजिन वीज ओढतंय तो तुकडा भरलेला, त्यामागचा सिग्नल लाल. तुमचं इंजिन रुळांतून काही घेतच नाही, म्हणजे माझ्या सिग्नलच्या लेखी ते अदृश्य. मागून दुसरी गाडी येऊन आदळेल तेव्हा रिमोट हातात धरून बसा. कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आठवा. तिथली गंमत एका इंजिनात नाही, गाड्या आणि सिग्नल एकमेकांचं ऐकतात त्यात आहे. आणि रुळावर क्षणभर वीज तुटली तर इंजिनातल्या डिकोडरला, म्हणजे हुकूम वाचणाऱ्या बोर्डाला, जोडून थोडी वीज साठवणारा एक कपॅसिटर घाला, इंजिन अडखळत नाही.

गच्चीवरचा गार्ड :
क्षणभर म्हणजे किती? माझ्या टाकीमागे अख्खा मीटरभर रूळ मेलेला असायचा. सिग्नलचं म्हणणं मान्य, पण त्याला उपाय आहे. वाघिणीखाली चुंबक, रुळांमध्ये रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आला की जुळणारा. किंवा डब्याच्या चाकजोडीवर रेझिस्टर चिकटवायचा आणि रुळांत फक्त सिग्नलपुरती वीज सोडायची. खऱ्या ट्रॅक सर्किटमध्येही आसच दोन रूळ जोडतो, मोटर वीज ओढते की नाही याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं.

शिवाय रूळ फिरवून त्याच मार्गावर परत आणला की डावा रूळ उजव्याला भिडतो आणि तुमच्याकडे शॉर्ट सर्किट. मग वेगळा तुकडा, वेगळी यंत्रणा. मी नुसता रूळ जोडला आणि गाडी फिरून आली.

सोल्डरकाका :
तुम्ही दोघं भांडा, मी जळालेलं सांगतो. इंजिन आणि वाघीण यांच्यामधला कनेक्टर उलटा बसूच शकणार नाही असाच घ्या. मी दोन सारख्या पिना वापरल्या होत्या. पाहुण्यांसमोर घाईत उलट्या लावल्या आणि डिझेल इंजिनातून वाफेच्या इंजिनासारखा धूर काढून दाखवला. पोरं खूश, कंट्रोलर गेला.

तीन सेल असतील तर संरक्षण सर्किट हवंच आणि प्रत्येक सेल समान भरणारा चार्जर हवा. एकच छोटा सेल असेल तर लोक टीपी४०५६ या चार्जिंग चिपचा स्वस्त बोर्ड लावतात. तो येतो तेव्हा १ अँपिअरवर असतो. ३०० मिलिअँपिअर-तासाच्या सेलला हा अघोरीपणा आहे. बोर्डावरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून ३.९चा घाला, करंट साधारण ३०० मिलिअँपिअरवर येतो. आणि झोपताना चार्जिंगला लावू नका, मोबाइल लावता म्हणून हेही लावाल.

रूळपट्टी :
हेच! घासायचं काम वाचवलं आणि राखण मागे लावून घेतली. पावसाळाभर खणात पडलेला सेल साफ उतरला की तो गेलाच. माझ्याकडे बारा इंजिनं आहेत. बारा बॅटऱ्यांना कोण खाऊ घालणार?

गच्चीवरचा गार्ड :
माझ्याकडे वाघीण एकच आहे, लागेल त्या इंजिनामागे जोडतो. खणात ठेवताना सेल निम्मे भरून ठेवायचे, झालं.

नवा फायरमन :
दादा, माझ्याकडे एचओचा छोटा शंटर (डबे इकडेतिकडे हलवणारं इंजिन) आहे. घरातच चालवतो, टेबलावर. त्यातही असंच करू का?

गच्चीवरचा गार्ड :
नको रे. त्याच्या पोटात जागा नाही. सेल बसवायला आतलं वजन काढशील, मग दोन डबे जोडले की चाकं जागच्या जागी फिरतील. वर १२ व्होल्टच्या मोटरला एका सेलचे ३.७ पुरणार नाहीत, म्हणजे व्होल्टेज वाढवणारा बोर्ड आणखी कोंबायचा. टेबलावरचा रूळ आहे, कापडाला आयपीए (आयसोप्रोपाइल अल्कोहोल) लावून पूस.

रूळपट्टी :
गार्डाने बॅटरीला लाल झेंडी दाखवली. कुणीतरी तारीख लिहून ठेवा.