'नपुंसकत्व'ला पर्याय सुचवा (पत्रक अडलंय)

अनु परळ: मधुमेहाच्या ओपीडीसाठी चार पानी पत्रक मराठीत करतेय. त्यात 'इरेक्टाइल डिसफंक्शन (लिंगाला ताठरता न येणं) असूनही पुरुष डॉक्टरकडे उशिरा का येतात' असा भाग आहे. मी सरळ 'नपुंसकत्व' लिहिलं. कच्ची प्रत बाकावर ठेवून बघितली. एका काकांनी ते पान काढलं, दोन ओळी वाचल्या, पत्रक पालथं घातलं आणि वर चष्म्याची डबी ठेवली. डॉक्टर म्हणाले, शब्द बदला. काय घालू?

गिरगावचे नाना: बदलायचं कशाला? न स्त्री, न पुमान्, तो नपुंसक. शाळेत नपुंसकलिंग शिकलो तेव्हा कोणी लाजलं नव्हतं. र. धों. कर्वे १९२७ पासून मुंबईत 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक आरोग्यावरचं मासिक काढत होते. खटले अंगावर घेतले, पण शब्दांना बिचकले नाहीत.

खडूस कंपाउंडर: नाना, त्या माणसाला ताठरता येत नाही, एवढंच. तुम्ही त्याला पुरुषांतूनच उठवलंत. इंग्रजीतला 'इम्पोटन्स'सुद्धा १९९२ साली अमेरिकेत तज्ज्ञांच्या बैठकीने बाजूला ठेवायला सांगितला. मोघम आणि वर हिणवणारा, म्हणून.

मुलुंडची मी: मोर्चात सरकारला 'षंढ' म्हणतात. गीतेतलं 'क्लैब्यं मा स्म गमः' (नपुंसकपणा करू नकोस) अर्जुनाला कच खाल्ल्याबद्दल ऐकावं लागलं. शिवी आणि निदान एकच असेल तर केसपेपरवर ते लिहून घ्यायला कोण जाईल?

लोकलछाप: हिंदीत 'स्तंभन दोष' आहे की तयार. उचला.

काढा आणि चाटण: नको! आयुर्वेदात स्तंभन म्हणजे थोपवणं. रक्तस्राव, जुलाब, वीर्य, काहीही. त्या हिशेबाने स्तंभनदोष म्हणजे शीघ्रपतन होईल. भलत्याच रोगाचं औषध घेऊन येतील लोक.

लोकलछाप: स्तंभ म्हणजे खांब हो. अर्थ कळतो ना, झालं.

काढा आणि चाटण: कळत नाही, म्हणून तर सांगतोय.

लोकलछाप: बरं. मग रुळांकडेच्या भिंतींवर वाचलेला 'गुप्तरोग'?

दादरचा केमिस्ट: तो तर मुळीच नको. गुप्तरोग म्हटलं की बाहेर जाऊन लावून घेतलेला, असाच अर्थ घेतात. सरळमार्गी माणूस त्या पाटीखालून कसा आत शिरेल? आमच्याकडे येतो. आधी क्रोसिन घेतो. मग दुकानातल्या बायका जाईपर्यंत खोकल्याच्या गोळ्यांची पाकिटं वाचत उभा. मग हळूच, 'ती द्या.' चिठ्ठी नसतेच. मी विचारतो, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी चालू आहे का? 'ती' म्हणजे सिल्डेनाफिल, व्हायग्रातलं औषध; ते आणि जिभेखालच्या गोळीतलं नायट्रेट एकत्र गेलं तर रक्तदाब कोसळतो. तर म्हणतात, 'मला काही झालेलं नाही, मित्रासाठी हवीय.'

खडूस कंपाउंडर: मित्राला बरेच आजार असतात बुवा. गंमत सोडा, तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांहून बारीक असतात. चोंदायला लागल्या की ही तक्रार कधी कधी छातीत दुखण्याच्या काही वर्षं आधी दिसते. म्हणून उशीर महागात पडतो.

मुलुंडची मी: थोडं घरचं सांगते. यांनी दोन वर्षं गादी हॉलमध्ये घातली. कारण काय, तर बेडरूमच्या पंख्याचा आवाज. पंखा बदलला, गादी हॉलमध्येच. मला वाटायचं माझ्यातच काही उणं आहे. पुढे साखर निघाली, डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, 'सकाळी उठल्यावर येते का?' काय येते, ते डॉक्टर बोलले नाहीत. यांनी मात्र लगेच सांगितलं, 'हल्ली नाही.' नाम नसलेलं वाक्य, पण दोघांना कळलं. मलाही.

अनु परळ: ताई, हे सोन्यासारखं आहे. पण पत्रकात नाम लागतंच. 'ताठरतेची अडचण' कसं वाटतं?

गिरगावचे नाना: अडचण? आमच्या घरी बायका बाजूला बसायच्या त्याला अडचण म्हणत. शब्द आधीच घेतलाय.

लोकलछाप: 'ताठा नसणे' लिहा. ताठा आहे म्हणून तर डॉक्टरकडे जात नाहीत.

खडूस कंपाउंडर: आले पुलंचे वारस. अनु, 'ताठरतेची तक्रार' घाल. ओपीडीत पहिला प्रश्न 'काय तक्रार?' हाच असतो.

गिरगावचे नाना: तक्रार अरबी. आपलं 'गाऱ्हाणं' असताना उसनवारी कशाला?

काढा आणि चाटण: गाऱ्हाणं?! नारळ ठेवून घालतात ते?

लोकलछाप: व्हय महाराजा!

दादरचा केमिस्ट: आमच्या कणकवलीकडे गाऱ्हाण्यात तक्रार नसतेच. देवाला मागणं असतं.

गिरगावचे नाना: मूळ 'गर्हणा', म्हणजे निंदा. मागणं नंतर चिकटलं.

दादरचा केमिस्ट: नाना, निंदा करून कोणी नारळ देतं का?

अनु परळ: सोमवारी छपाई आहे हो...

गिरगावचे नाना: देतात. आमच्या चाळीत दर होळीला देत. सांगतो सविस्तर.