मदत हवी आहे: वहिनींना शीहान सिंड्रोम निघालाय

नमस्कार मंडळी, आम्ही कोल्हापूरचे. वहिनींच्या डिलिव्हरीत लई रक्त गेलं होतं, नंतर दूध आलंच नाही, पाळी पण परत सुरू झाली नाही, आणि घरातले सगळे म्हणायचे बाळंतपणाचा अशक्तपणा हाय, पांढरा रस्सा पाजा. टीएसएच (थायरॉईडसाठीची रक्त तपासणी) नॉर्मल, म्हणून शंकाच आली नाही, टी४ (थायरॉईडचा हार्मोन) मात्र कमी होतं. आता कळलं, तेव्हा लई रक्त गेल्यानं पिट्युटरीच (मेंदूखालची, बाकी हार्मोन ग्रंथींना चालवणारी ग्रंथी) नीट काम करत नाही, यालाच शीहान सिंड्रोम म्हणतात. आधी हायड्रोकॉर्टिसोन (कमी पडलेल्या कॉर्टिसोल हार्मोनची गोळी), मग थायरॉईडची गोळी, कारण उलटं केलं तर जीवावर बेतू शकतं म्हणे. तापात हायड्रोकॉर्टिसोनचा डोस दुप्पट करायचा, पण उलटीत गोळी पडली तर? त्याचं इंजेक्शन घरी कोण ठेवतं का, द्यायला कुणी शिकवलं? इथं किंवा मिरजेत हार्मोनचे चांगले डॉक्टर सांगा प्लीज, पुण्याचा प्रवास त्यांना झेपत नाही.