मदत हवी आहे : भूकंपाचं नाव नक्की कोणतं लिहू?

मंडळी, एक लेख लिहितोय आणि शीर्षकातच अडकलोय. ११ मार्च २०११ चा जपानचा भूकंप, ९.० तीव्रतेचा. तिथल्या हवामान खात्याने भूकंपाला तोहोकू या ईशान्येकडच्या प्रदेशाच्या नावाने भलंमोठं अधिकृत नाव दिलं, मग सरकारने १ एप्रिलला एकूण आपत्तीला 'पूर्व जपान महाभूकंप आपत्ती' असं वेगळंच नाव ठरवलं, आणि सुरुवातीच्या बातम्यांत तिथल्या सेंदाई शहरावरून 'सेंदाई भूकंप' असंही वाचलेलं. मला सेंदाई पटत नाही, केंद्र तर समुद्रात होतं ना! १९९५ च्या कोबेचीही हीच गत, भूकंपाचं नाव वेगळं, आपत्तीचं वेगळं. वादळांसारखी आधीच ठरलेली यादी इथे नसते म्हणून हा घोळ. साधं '२०११ तोहोकू भूकंप' चालेल का, की त्सुनामीही नावात यायला हवी? तुम्ही काय लिहिता?