परदेशातल्या सभागृहातील गोंधळ : कुठे बसावे, कसा ऐकावा?

मराठवाडी (प्रश्न)

गेली अकरा वर्षे मी लंडनमध्ये राहतो. पुढील महिन्यात येथील एका मंडळाने परभणीकडील गोंधळ्यांचा, म्हणजे देवीचा गोंधळ घालणाऱ्या लोककलावंतांचा, संच बोलावला असून, कार्यक्रम एका मोठ्या सभागृहात दीड तासाचा ठेवला आहे. मी शेवटचा गोंधळ ऐकला तो धाकट्या काकांच्या लग्नानंतर आमच्या अंगणात. पूजेचा चौक मांडल्यापासून आरतीपर्यंत सारी रात्र त्यात सरली होती आणि घोंगडीवर पेंगणारी आम्ही मुले संबळ कडाडला की दचकून उठत होतो. तो आवाज समोर बसून पुन्हा ऐकायला मिळणार याचा आनंद आहेच, परंतु मनात शंकाही आहेत. दीड तासात आटोपलेल्या या प्रयोगाला गोंधळ म्हणावे का? नऊ वर्षांच्या मुलीला बरोबर न्यायचे आहे, पण तिला घरातली मराठी समजते, आख्यानातली बोली समजणार नाही. तिची तयारी कशी करावी? तिकीट पुढच्या रांगेचे काढावे की सज्जाचे, हेही जाणकारांनी सांगावे.

तुणतुणे

सज्जा टाळावा. मागे दुसऱ्या एका शहरात मी असाच कार्यक्रम सज्जातून पाहिला आणि पुरता निराश झालो. संबळ म्हणजे एकत्र बांधलेली दोन चर्मवाद्ये, एक चढ्या आवाजाचे आणि एक खर्जाचे. वादक ती कमरेला बांधून उभ्याने काठ्यांनी वाजवतो, आणि हे वाद्य मुळात उघड्या अंगणात, गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जाण्यासाठी घडलेले आहे. त्या दिवशी ध्वनियोजकाने त्याच्यासमोर अगदी जवळ माइक ठेवल्यामुळे चढा आवाज कर्कश झाला, खर्जाची घुमार हरवली आणि तुणतुणे तर असून नसल्यासारखे झाले. तुणतुण्याला एकच तार असते, त्याच्याकडून सुरावटीची अपेक्षा नसते. पण गाणाऱ्याचा स्वर आणि लय त्या एका तारेवर टेकलेली असते, म्हणून ते ऐकू आले नाही की गाणे उघडे पडते. आयोजकांशी ओळख असल्यास माइक गायकाला आणि तुणतुण्याला द्या आणि संबळ शक्यतो तसाच वाजू द्या, एवढे अवश्य सुचवावे. तिकीट तिसऱ्या-चौथ्या रांगेचे, तुणतुणेवाला ज्या बाजूला उभा राहील त्या बाजूचे काढावे.

कवड्यांची माळ

गोंधळ म्हणावे का, या प्रश्नावर माझे मत काहींना कठोर वाटेल. गोंधळ हा कुलाचार आहे. घरात कार्य झाले की यजमान तो देवीसाठी घालतो. चौक, कलश आणि पेटती दिवटी ही त्याची अंगे आहेत, सजावट नव्हे. सभागृहात आग चालत नसल्याने दिवटीच्या जागी बॅटरीवरचा दिवा येतो आणि ज्याच्या घरचे कार्य आहे असा यजमानच नसतो. मात्र याचा अर्थ हे पाहूच नये असा नाही. शाहीर साबळे यांनी ‘महाराष्ट्राची लोकधारा’मधून लोककला शहरी रंगमंचावर आणल्या, तेव्हा ज्यांच्या दारी गोंधळी कधी आला नव्हता अशा कितीतरी घरांना त्यांची गोडी लागली. आपण गोंधळ घालायला नव्हे, गोंधळ्यांची कला पाहायला जात आहोत, एवढे मनाशी स्पष्ट ठेवले की दीड तास तोकडा वाटत नाही. माझी खरी तक्रार प्रेक्षकांबद्दल आहे. गोंधळी देवीच्या जयघोषाचा ‘उदे’ म्हणतो तेव्हा समोरून ‘उदे’ यायला हवे, आणि आपली मंडळी नेमकी त्याच क्षणी शिस्तीत टाळ्या वाजवतात!

दिमडी

मुलीच्या तयारीबद्दल लिहितो, कारण माझ्या दोन मुलांवर हा प्रयोग करून झाला आहे. आख्यानाची गोष्ट आयोजकांकडून आधी विचारून घ्यावी आणि घरी साध्या मराठीत दोनदा सांगावी. मुख्य गोंधळी कथा सांगत असताना त्याचा साथीदार मध्येच भाबडे, वाकडे प्रश्न विचारून हशा पिकवतो. गोष्ट ठाऊक असली की मुलांना बोली न कळताही हा खेळ कळतो. त्याहून महत्त्वाचे आहे ते सुरुवातीचे आवाहन. त्यात तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरपूरचा विठोबा अशा देवांना नावानिशी आणि गावानिशी गोंधळाला बोलावतात. मी नकाशा समोर ठेवून मुलांना ही गावे आधी दाखवली होती, आणि कार्यक्रमात नाव आले की ती बोटांवर मोजत होती.

आणखी एक सुचवतो. घरच्या गोंधळात यजमानाच्या कुलदैवताचे आणि गावदेवाचे नाव आवाहनात घेतात. मंचावरही, आधी चिठ्ठी दिली तर बहुतेक गोंधळी ते आनंदाने घेतात. आमच्या गावच्या म्हसोबाचे नाव त्या परक्या सभागृहात संबळाच्या तालावर ऐकले तेव्हा माझ्या वडिलांनी भर कार्यक्रमात उभे राहून हात जोडले.

मराठवाडी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चौथ्या रांगेची तिकिटे काढली. माइकबद्दल आयोजकांना लिहिले आहे. ध्वनियोजकाला पूर्वतयारीच्या वेळी संचाच्या प्रमुखांशी बोलायला सांगतो, असे त्यांचे उत्तर आले. कवड्यांची माळ यांचे म्हणणे मला पटते, आणि ‘उदे’चा सराव मुलीने इतक्या उत्साहाने सुरू केला आहे की शेजाऱ्यांना कारण सांगावे लागले. चिठ्ठीसाठी काल काकांना फोन करून गावदेवाचे नाव नीट विचारून घेतले. त्यांनी ते सांगितले, मग वेशीवरच्या मारुतीला वगळू नकोस असे बजावले, आणि अर्ध्या तासाने पुन्हा फोन करून मळ्यातली आसराही (जलदेवता) लिहायला लावली. चिठ्ठीत आता पाच नावे झाली आहेत. दीड तासात एवढी बसतील का, हे दिमडी यांनी कृपया सांगावे.