शाळेतली चिप आणि माध्यमांचा थयथयाट

तुतारी
शाळेने मुलांचा ठावठिकाणा ठेवला की माध्यमांत 'हेरगिरी'ची बोंब सुरू होते. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओचं प्रकरण आठवा. तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या नॉर्थसाइड स्कूल डिस्ट्रिक्टने २०१२ मध्ये जॉन जे हायस्कूल आणि अँसन जोन्स मिडल स्कूल इथल्या सुमारे ४,२०० मुलांना आरएफआयडी (रेडिओ लहरींवरून ओळख पटवणाऱ्या) चिपचं ओळखपत्र दिलं. मूल इमारतीत कुठे आहे ते ऑफिसात कळावं, इतकंच. एका विद्यार्थिनीने बायबलमधल्या 'श्वापदाच्या खुणे'चा (म्हणजे सैतानी सत्तेच्या निशाणीचा) दाखला देत नकार दिला, प्रकरण कोर्टात गेलं आणि बातमीला फोडणी मिळाली. चिपमध्ये जीपीएस नव्हतं, शाळेच्या आवाराबाहेर तिचा उपयोग शून्य. उद्या आग लागली तर कोण कुठे अडकलंय हे कळण्यात गैर काय? माध्यमांचं नेहमीचंच, साप साप म्हणून भुई धोपटणं.

आडवाटे
साफ असहमत. आगीचं सोडा हो. टेक्सासात शाळेला मिळणारा पैसा रोजच्या सरासरी हजेरीवर ठरतो. हजेरी घेताना पोरगं कँटीनमध्ये किंवा समुपदेशकांसमोर बसलेलं असलं तर ते गैरहजर लागतं आणि तेवढे पैसे बुडतात. चिपमुळे 'हा बघा, आवारातच आहे' असं दाखवता येतं. डिस्ट्रिक्टने हे लपवलंही नव्हतं. माझा राग असा, की माध्यमं श्वापदामागे धावली आणि अनुदानाचं गणित खालच्या परिच्छेदात गेलं. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

खडू_फळा
दोघांनाही एक विचारतो. चिप कार्डात असते, पोरात नाही. नववीच्या वर्गावर चार दिवस उभे राहा. दांडी मारणारा कार्ड मित्राच्या दप्तरात टाकून पसार होणार आणि पडद्यावर तो गणिताच्या तासाला बसलेला दिसणार. आग लागली तर शोधायचं कोणाला, दप्तराला?

तुतारी
@खडू_फळा, मुद्दा मान्य. पण @आडवाटे, शाळेने त्या मुलीला बिनचिपचं कार्ड देऊ केलं होतं. तेही तिने नाकारलं. जानेवारी २०१३ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी तिची मागणी फेटाळली.

आडवाटे
आणि कोर्टात सरशी होऊनही जुलै २०१३ मध्ये डिस्ट्रिक्टने योजना गुंडाळली! हजेरी मनासारखी वाढली नाही, वर बदनामी. म्हणजे बोंब मारली ते बरंच झालं. २००५ मध्ये कॅलिफोर्नियात सटर इथल्या ब्रिटन प्राथमिक शाळेतही तेच झालं. पालकांना न विचारता चिपवाले बिल्ले वाटले, आरडाओरडा झाला, कंपनीनेच काढता पाय घेतला. माध्यमं अर्धवट लिहितात म्हणून गप्प बसावीत, हे मला पटत नाही.

संत्रानगरी
अमेरिकेचं पुरे, घरचं बघा. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या ट्रॅकिंगला मनाई आहे, पण २०२५ च्या नियमांनी शाळांना सुरक्षेसाठी सूट दिली. स्कूलबसलाही दिली. लेकीची बस सिग्नलला थांबली की मीही ॲपवर तो ठिपका बघत बसते, खोटं कशाला बोलू. पण तो ठिपका किती दिवस साठवतात, हे पालकसभेत विचारलं तेव्हा 'मॅडम, व्हेंडरला विचारून सांगतो' असं उत्तर मिळालं. यावर लिहा की, पत्रकारांनो.

तुतारी
व्हेंडरने सांगितलं का मग?

संत्रानगरी
फीवाढीचं पत्रक आलं.