हॉटेलातलं मनुष्यबळ-नियोजन सॉफ्टवेअर: आधी मिनिटं मोजायची की जुना डेटा भरायचा?

पाळीपत्रक
कोणत्या पाळीला किती माणसं लावायची ते ठरवणारं हे सॉफ्टवेअर बसवताना दोन वाटा दिसतात. एक, प्रत्येक कामाला किती मिनिटं लागतात ते जागेवर मोजून मानक ठरवायचं आणि ते भरायचं. दुसरी, मागच्या वर्षाचे हजेरीचे तास आणि भरलेल्या खोल्या देऊन गुणोत्तर सॉफ्टवेअरलाच काढू द्यायचं. मी ठामपणे पहिल्या बाजूचा आहे. जुने तास म्हणजे कामाची गरज नव्हे. त्या दिवशी जितकी माणसं लावली, तितके ते तास. मंदीच्या दिवसांत जादा माणसं ठेवायची सवय असेल तर सॉफ्टवेअर तीच सवय शिकतं.

100 भरलेल्या खोल्या घ्या. माणशी 15 खोल्यांचा नियम रोज 7 जण मागतो. आता 80 चेकआउट (पाहुणा सोडून गेलेल्या खोल्या) आणि 20 स्टेओव्हर (पाहुणा अजून राहतोय अशा खोल्या) असतील, चेकआउटला 30 आणि स्टेओव्हरला 20 मिनिटं धरली, तर काम होतं 2800 मिनिटांचं. आठ तासांच्या पाळीतून जेवण, ब्रीफिंग, ट्रॉली भरणं-आवरणं वजा जाता 420 मिनिटं धरू. म्हणजे 6.67, सात जण बरोबर. पण त्याच 100 खोल्यांत 20 चेकआउट आणि 80 स्टेओव्हर असले तर 2200 मिनिटं, म्हणजे सव्वापाच. पाच जण आणि एक छोटी पाळी पुरते. नुसत्या भरलेल्या खोल्यांवर चालणाऱ्या गुणोत्तराला हे दोन दिवस सारखेच दिसतात.

आकडेमोड
असहमत. घड्याळ घेऊन कुणी शेजारी उभं राहिलं की कामाचा वेग बदलतो, कधी वाढतो, कधी मुद्दाम कमी होतो. शिवाय खोल्यांचे पाच प्रकार, प्रत्येकी चेकआउट आणि स्टेओव्हर, म्हणजे दहा मानकं. एकेकाची 20 निरीक्षणं धरली तरी 200 झाली, आणि ही फक्त हाउसकीपिंगची. तोवर विभागप्रमुख पुन्हा एक्सेलवर रोस्टर लावू लागतात, आणि मग त्यांना परत आणणं फार अवघड.

जुना डेटा आंधळेपणाने घ्यायचा नसतोच. 12 महिने घ्या. बंद मजला, दुरुस्ती, मोठे ग्रुप असलेले दिवस वेगळे काढा. उरलेल्यांतून ओव्हरटाइम नसलेले आणि एकही खोली साफ करायची राहिली नाही असे दिवस निवडा, आणि सरासरीऐवजी मध्यक वापरा. चेकआउट आणि स्टेओव्हर हे दोन वेगळे घटक म्हणून दिले की तुमच्या उदाहरणातला फरक जुन्या डेटातूनही बराचसा दिसतो.

चादर_उशी
दोघांच्याही हिशोबात दिवसाची बेरीज आहे, वेळ नाही. दुपारी 12 ला खोल्या रिकाम्या होतात आणि 3 ला पाहुणे दारात असतात. त्या तीन तासांत 40 खोल्या तयार हव्या असतील तर 1200 मिनिटं भागिले 180, म्हणजे जवळजवळ सात जण फक्त त्यांच्यासाठीच. सकाळी 8 ला सगळ्यांना एकदम बोलावलं तर पहिले तीन-चार तास स्टेओव्हर आणि लवकर सुटलेल्या खोल्याच असतात, तेही दारावर डीएनडी (‘त्रास देऊ नका’ची पाटी) नसेल तर. काही पाळ्या 10 ला सुरू करा. सॉफ्टवेअरमध्ये खोली कधी सुटते आणि कधी लागते, ही दोन्ही टोकं भरल्याशिवाय त्याला हे कळणार नाही.

आणि 30 मिनिटं ही लिनन (चादरी, टॉवेल) मजल्यावर असेल तरच. प्रत्येक बेडमागे किमान तीन संच हवेत: एक बेडवर, एक लाँड्रीत, एक कपाटात. दोनच असतील तर खोली अर्धी करून परत यावं लागतं. मोजलेलं मानकही कोसळतं आणि जुना डेटाही बिघडलेलाच मिळतो.

रात्रपाळी
वाद चांगला चाललाय, पण घोळ बहुतेकदा याच्याही आधी, तारखेत असतो. सोमवारच्या खोल्या आणि सोमवारचा ब्रेकफास्ट रविवारी रात्री किती खोल्या भरल्या होत्या यावर ठरतो. सोमवारच्याच आकड्याला जोडलं तर माणसं एक दिवस आधीच वाढतात आणि एक दिवस आधीच कमी होतात. रात्री 11 ते सकाळी 7 ची पाळी कोणत्या तारखेत मोजायची, तेही पहिल्या दिवशी ठरवा. नाइट ऑडिट (दिवसाचा हिशोब बंद करणं) मध्यरात्रीनंतर होत असेल तर 12 नंतरची बारची विक्री आदल्या दिवसात जाते आणि पंच (हजेरीची नोंद) मात्र नव्या तारखेला पडतो.

रेस्टॉरंटचंही तसंच. बिल बंद झाल्याची वेळ घेतली तर गर्दी तासभर पुढे सरकलेली दिसते. टेबल उघडल्याची वेळ घ्या, अर्ध्या तासाच्या टप्प्यांत.

पाळीपत्रक
हा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. तारीख चुकलेल्या डेटावर शिकवलेलं गुणोत्तर कसं बरोबर येईल?

आकडेमोड
तारीख चुकली तर मोजलेली मिनिटंही चुकीच्या दिवसाच्या खोल्यांनाच गुणली जातील. दोन्ही वाटांना ती अट सारखीच आहे. उलट फ्रंट ऑफिसात ना मिनिटं लागतात ना इतिहास. चोवीस तास उघडं एक काउंटर म्हणजे आठवड्याला 168 तास. माणशी 48 तास धरले तर साडेतीन जण, रजा धरून चार. हे स्थिर पद म्हणून भरून टाका आणि फक्त दुपारच्या चेक-इनची वाढीव माणसं अंदाजावर ठेवा.

पाळीपत्रक
फ्रंट ऑफिसबद्दल मान्य. हाउसकीपिंगबद्दल नाही. पाच प्रकारांच्या निरीक्षणांचं ओझं वाटत असेल तर आधी सगळ्यात जास्त संख्येच्या दोन प्रकारांचीच मोजणी करा, बाकीचे त्यांच्या पटीत धरा.

रात्रपाळी
दोघांपैकी कुणाचंही मानक घ्या, पंचमध्ये विभाग बदलण्याची सोय चालू करायला विसरू नका. ब्रेकफास्टचा माणूस 11 ला बँक्वेला (समारंभांच्या विभागात) गेला आणि त्याने बदलाचा पंच केला नाही, तर त्याचे सगळे तास ब्रेकफास्टवर पडतात. मग ब्रेकफास्टला जादा माणसं आहेत आणि बँक्वेचं भागतंय असं दिसतं, आणि पुढच्या आठवड्याच्या रोस्टरमध्ये नेमकी उलटी कपात होते. पगाराचे दोन महिने जुनी आणि नवी पद्धत समांतर चालवा. त्या काळात रोज सकाळी आदल्या दिवसाचे राहिलेले पंच विभागप्रमुखाकडून दुरुस्त करून घ्या, महिनाअखेरीला नव्हे.