पोर्तुगालमध्ये आठवडाभर घोड्यावरून भटकंती: तयारी कुठून सुरू करायची?

रानवाट_सातारा

नमस्कार मंडळी. एप्रिलच्या शेवटी मी आणि बायको पोर्तुगालच्या अलेंतेजू भागात घोड्यावरच्या सहा दिवसांच्या सहलीला जायचं म्हणतोय. लिस्बनच्या दक्षिणेला कोंपोर्ता, तिथून किनाऱ्याने मेलिदेश, मग ग्रांदोलाच्या डोंगरातून परत. रोज ४ ते ६ तास खोगिरावर, मुक्काम दर रात्री वेगळा, सामान गाडीने पुढे जाणार. माहितीपत्रकात लिहिलंय की तिन्ही चालींत (साधी चाल, दुडकी, दौड) घोडा स्वतःला सांभाळता आला पाहिजे, आणि वजनाची मर्यादा ९० किलो.

माझं वजन ८६, तिचं ५८. दोघंही पुण्यात रिंगणात शिकलोय. दुडकी नीट येते, दौड जेमतेम. हातात साडेतीन महिने आहेत.

वजनाचं जमेल का? पाचगणीला टेबल लँडवर घोडे घेऊन सराव केला तर उपयोग होईल का? कपडे-सामान काय न्यावं? व्हिसा आणि विम्यात काही वेगळं बघावं लागतं का? आणि बायको शुद्ध शाकाहारी आहे, अंडंही खात नाही, तिचं तिथे कसं व्हायचं?

कृष्णाकाठ (सांगली)

आधी वजन, कारण त्यावर बाकीचं ठरतं. घोड्याने स्वतःच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांपेक्षा जास्त ओझं दिवसभर वाहू नये, हा ढोबळ नियम. तिथे तुम्हाला बहुधा लुझितानो जातीचा किंवा त्याच्या संकराचा घोडा मिळेल, वजन ४५० ते ५०० किलो. ४८० धरला तर ९६ किलो. पोर्तुगीज पद्धतीचं खोगीर भारी असतं, १२ किलो धरा. उरले ८४. तुमचे ८६, वर बूट, हेल्मेट, जाकीट, पाण्याची बाटली मिळून आणखी ४ किलो. म्हणजे पत्रकातल्या मर्यादेत अगदी काठावर बसता, घोड्याच्या हिशेबाने मात्र जास्त होता. साडेतीन महिन्यांत ५-६ किलो उतरवा आणि आयोजकाला आजचं खरं वजन कळवा. घोडा आणि खोगीर त्यावरूनच नेमून देतात. वजन लपवलं तर त्याचा त्रास घोड्याच्या पाठीला होतो आणि तिसऱ्या दिवशी तोच घोडा रजेवर जातो.

पाचगणीचा सराव यात धरू नका. तिथले घोडे ठरलेल्या वाटेने चालतात आणि बरेचदा दोरी घोडेवाल्याच्याच हातात असते. त्यात तोल सुधारेल, पण लगाम आणि पाय यांचा मेळ काही शिकता येणार नाही. पुण्यातल्याच क्लबात आठवड्यातून तीन वेळा तासभर बसा. शेवटच्या महिन्यात मात्र सलग दोन दिवस, रोज दोन तास, आणि शक्यतो रिंगणाबाहेर. सलग म्हणतोय त्याला कारण आहे. पहिल्या दिवशी कुणालाच काही होत नाही. मांड्यांच्या आतले स्नायू आणि बैठकीची कातडी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोलायला लागतात, आणि सहल अर्धवट सोडणारे बहुतेक तिथेच सोडतात.

जाण्याआधी एवढं जमतंय का ते प्रशिक्षकासमोर तपासा: १५ मिनिटं न थांबता उठती-बसती दुडकी, तीही लगामाला न लोंबकळता. रिकिबीत किंचित उभं राहून, बूड खोगिरापासून उचलून ३-४ मिनिटं दौड. बरोबरचे घोडे पुढे पळत असताना आपला घोडा साध्या चालीवर आणणं. एका हातात लगाम धरून वळवणं आणि थांबवणं. यातलं तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. रिंगणातला घोडा भिंतीमुळे हळू होतो, माळावर भिंत नसते.

लुझितानो तुमच्या बैठकीवर चालणारा घोडा आहे. शतकानुशतकं गुरं हाकायला आणि बैलांपुढे नाचवायला जोपासलेला, त्यामुळे फार चटपटीत. नवखा माणूस घाबरला की गुडघे-पोटऱ्या आवळतो. घोड्याला ती पुढे जाण्याची खूण वाटते. तो सुटला की माणूस लगाम ओढतो, मग घोडा मान वर टाकतो, तोंड उघडतो आणि आणखी जोर करतो. यावर उपाय उलटा आहे: श्वास सोडा, बूड जड करा, पोटऱ्या सैल सोडा, लगाम आवळा-सोडा, आवळा-सोडा. सतत ओढून धरलेल्या लगामाला घोडा टेकतो आणि तोच त्याचा आधार होतो.

तिथे बरेच ठिकाणी नर घोडेच बसायला देतात, खच्ची न केलेले. पुढच्या घोड्यापासून एका घोड्याचं अंतर ठेवा, म्हणजे अडीच-तीन मीटर. थांबल्यावर गप्पा मारताना दोन घोड्यांच्या नाकपुड्या एकमेकांना लागू देऊ नका. आधी किंकाळी, मग पुढचा पाय, आणि तो पाय शेजारच्या स्वाराच्या नडगीवर बसतो.

खोगिराचं थोडं. पोर्तुगीज खोगीर पुढून-मागून उंच असतं, वर मेंढीचं कातडं. बसायला आरामाचं, पण कंबर अडकल्यासारखी होते आणि रिकिबी लांब ठेवायची पद्धत असते. चढावर आणि दौडीत त्या एक-दोन भोकं आखूड करून घ्या. गुडघा दुखत असेल तर रिकीब आखूड झाली, बूड आपटत असेल आणि पंजे खाली लोंबत असतील तर लांब झाली. निघाल्यावर १०-१५ मिनिटांनी तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, पुन्हा तपासा. खोगीर चढवताना घोडा पोट फुगवून धरतो, चालू लागला की तंग सैल पडतो. न तपासता उतारावर किंवा चढताना एका बाजूला भार दिलात की खोगीर फिरतं. आणि उतरताना दोन्ही पाय आधी रिकिबीतून काढा, मग खाली.

तुमच्या वाटेतल्या दोन जागा सांगतो. एक, समुद्रकिनारा. कोरडी वाळू खोल असते, त्यात पळवलं तर घोड्याच्या पायाच्या शिरा ताणल्या जातात, म्हणून वाटाड्या ओल्या घट्ट पट्ट्यावर नेईल. लाट आली की घोडा आडवा सरकतो. लाटेकडे बघू नका, दूर समोर बघा. पाण्यात थांबलेला घोडा पुढच्या पायाने पाणी खणायला लागला तर तो लोळायच्या बेतात आहे. त्या क्षणी टाच देऊन पुढे काढा, विचार करत बसू नका. दुसरी जागा, डोंगर. ग्रांदोलाची रांग जेमतेम सव्वातीनशे मीटर उंच, आपल्या अजिंक्यताऱ्याचा चढ बघणाऱ्याला काहीच नाही. पण सगळी बुचाची झाडं, म्हणजे ज्यापासून बाटलीचं बूच होतं तो ओक. फांद्या खाली आलेल्या असतात. फांदी आली की पुढे, घोड्याच्या मानेच्या बाजूला वाका. मागे रेललात तर फांदी हनुवटीखाली अडकते. बुंध्यावर पांढरा आकडा रंगवलेला दिसेल, ते साल काढल्याच्या वर्षाचा शेवटचा अंक. एकदा काढली की कायद्याने नऊ वर्षं पुन्हा काढता येत नाही.

कराडची_स्वार

कृष्णाकाठ दादांनी घोड्याचं सगळं सांगितलंच आहे, मी अंगावरच्या गोष्टी सांगते.

जीन्स नको. आतल्या शिवणीने गुडघ्याजवळ कातडी सोलते. घोडेस्वारीची विजार दोन जोड, आत बिनशिवणीची अंतर्वस्त्रं. ताईंसाठी पक्की बसणारी स्पोर्ट्स ब्रा फार गरजेची, दिवसभर दुडकीत साधी टिकत नाही. बूट घोट्याच्या वरपर्यंत, टाच दीड-दोन सेंटिमीटर, तळवा जवळपास गुळगुळीत. ट्रेकिंगचे जाड नक्षीचे बूट रिकिबीत रुततात, आणि पडताना पाय अडकला तर घोडा फरफटत नेतो. त्यावर पोटरीभोवती चामड्याचे किंवा कापडी हाफ चॅप्स, नाहीतर रिकिबीचा पट्टा पोटरीला चिमटे काढतो. हेल्मेट घोडेस्वारीचंच घ्या. सायकलच्या हेल्मेटने डोक्याचा मागचा भाग पुरेसा झाकला जात नाही. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदला.

बूट, हेल्मेट आणि एक विजार विमानात हातातल्या सामानात ठेवा. बॅग मागे राहिली तर बाकी सगळं तिथे विकत मिळतं, पण सवयीचा बूट मिळत नाही.

घासणारी जागा लाल व्हायची वाट बघू नका. सकाळी निघायच्या आधीच मांडीच्या आतून, गुडघ्याच्या आतून आणि बसायच्या हाडांवर व्हॅसलिनचा थर द्या. फोड आल्यावर त्यावर व्हॅसलिन लावून चिकटपट्टी मारली तर ती घामाने निघते, म्हणून कोरड्या कातडीवर आधी पट्टी, मग बाकीचं.

पाठीवर सॅक घेऊ नका, दुडकीत ती उडते आणि तोल मागे खेचते. कमरेचा छोटा पाऊच पुरतो. खोगिराला लावायच्या पिशव्या मिळाल्या तर दोन्हीकडे वजन सारखं भरा. एका बाजूला लिटरभर पाणी आणि दुसरी रिकामी असेल तर दोन तासांत खोगीर कललेलं असतं. फोन चेन असलेल्या खिशात, मागच्या खिशात कधीच नाही. रेनकोट फडफडणारा नको, आणि घोड्यावर बसून तो अंगात घालायला जाऊ नका. खाली उतरा, घाला, मग चढा. एप्रिलमध्ये तिथे पाऊस येऊ शकतो.

गोचिडी हा तिथला खरा त्रास. त्यांच्यामुळे भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत अंगावर पुरळ आणणारा ताप येतो. रोज रात्री गुडघ्यामागे, जांघेत, कमरपट्ट्याखाली, कानामागे, केसांच्या कडेला बघा. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल लावणं, काडीने भाजणं नको. परत आल्यावर दोन आठवड्यांत ताप किंवा चावल्या जागी काळी खपली दिसली तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा, नाहीतर इकडे सगळ्यांचं लक्ष डेंग्यूकडे जातं.

पाइनच्या झाडाखाली सुरवंटांची एकामागे एक रांग दिसली तर लांबून जा. फेब्रुवारी ते एप्रिल ते जमिनीवर उतरतात. त्यांच्या केसांनी अंगाला आग होते, घोड्याने हुंगलं तर त्याचंही तोंड सुजतं.

एक मनापासून सांगणं. इथल्या तबेल्यात वापरलेले बूट, हातमोजे, चॅप्स तसेच नेऊ नका. भारतात घोड्यांमध्ये ग्लँडर्सचा रोग आहे आणि तो माणसालाही होतो. ब्रशने माती पूर्ण काढा, साबणाने धुवा, जंतुनाशकाने पुसा, उन्हात वाळवा. परतताना पुन्हा तेच. दोन्हीकडच्या घोड्यांसाठी एवढं करायलाच हवं.

वाईकर_प्रवासी

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो, किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. तुम्ही आत्ताच भेटीची वेळ घ्या, उन्हाळ्याच्या तोंडावर तारखा मिळत नाहीत. फी ९० युरो, सेवा केंद्राचे पैसे वेगळे. पासपोर्ट परतीनंतर किमान ३ महिने वैध हवा आणि १० वर्षांच्या आत काढलेला. तुमचा मुक्काम रोज बदलतोय, म्हणून आयोजकाकडून तारखेनिशी प्रत्येक रात्रीच्या जागेचं नाव-पत्ता आणि पैसे भरल्याचं पत्र मागून घ्या. 'सहा रात्री, अलेंतेजू' एवढ्याने भागत नाही.

विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, पण ती व्हिसापुरती अट झाली. खरी गोष्ट आतल्या बारीक अक्षरांत असते. बऱ्याच स्वस्त पॉलिसींत घोडेस्वारी साहसी खेळात टाकून वगळलेली असते. 'अनेक दिवसांची घोडेस्वारी, वाटाड्यासह' हे शब्द घालून कंपनीला ईमेल करा आणि लेखी होकार घ्या. उचलून दवाखान्यात नेण्याचा खर्च त्यात आहे का, तेही विचारा. तिथला आपत्कालीन नंबर ११२.

मधल्या युरोपीय शहरातून जात असाल तर शेंगेनची तपासणी त्या पहिल्या विमानतळावरच होते. आता बोटांचे ठसे तपासतात आणि फोटोही घेतात. दोन विमानांत तासाभराचं अंतर ठेवू नका, तीन तास बरे.

आता जेवण. अलेंतेजूत शाकाहारी जेवण मिळतं, पण 'शाकाहारी' एवढंच सांगितलं तर मासे किंवा मांसाच्या पाण्यातलं सूप पुढे येऊ शकतं. आयोजकाला आधीच लिहा: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, मांसाचा रस्साही नाही. तिथलं असोर्दा नावाचं सूप ताईंना आवडेल: शिळा पाव, लसूण, ऑलिव्ह तेल आणि भरपूर कोथिंबीर, वरून उकळतं पाणी. हो, आपल्यासारखीच हिरवी कोथिंबीर. फक्त वर अंडं सोडतात आणि कधी पाणी माशाचं असतं, दोन्ही वगळायला सांगा. हरभरे-पालक मिळतो. एव्होरा, सेर्पा, नीझा इथलं मेंढीच्या दुधाचं चीज जनावराच्या नाही तर एका काटेरी वनस्पतीच्या फुलांच्या अर्काने विरजतात, तेही चालेल.

घरून शेंगदाण्याची चटणी, सांगलीचं भडंग न्या. कंदी पेढे मात्र नेऊ नका. बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे, खव्याचा डबा कस्टममध्ये अडकू शकतो.

महिना चांगला निवडलाय. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरच्या मध्यानंतर. जुलै-ऑगस्टमध्ये आतल्या भागात पारा ४० वर जातो.

रानवाट_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. वजनाचा हिशेब आजच भिंतीवर लावला. एक राहिलं: बायकोला दौडीची भीती आहे. गट तिच्यासाठी थांबेल का?

कृष्णाकाठ (सांगली)

थांबेल, पण तिला त्याचा उपयोग होईलच असं नाही. गट दौडीत निघाला की मागे ठेवलेला घोडा बेचैन होतो, आणि भित्र्या स्वारासाठी तो प्रसंग दौडीपेक्षा अवघड. म्हणून आयोजकाला आत्ताच तीन प्रश्न विचारा. गटात दोन वाटाडे असतात का, म्हणजे गट दोन वेगांत विभागता येईल का? एखाद्या दिवशी ताईंना सामानाच्या गाडीने पुढे जाता येईल का? आणि याच महिन्यात एकाच जागी मुक्काम असलेली सहल आहे का, जिथे रोज सकाळी कोणत्या गटात जायचं ते ठरवता येतं?

तिन्हींना नाही उत्तर आलं तर ही सहल पुढच्या वर्षावर टाका आणि यंदा एका जागी मुक्कामाची घ्या. मार्च उजाडेपर्यंत ताई सलग तीन मिनिटं शांतपणे दौड करू लागल्या तर काहीच बदलायला नको. त्यांना क्लबमधला सगळ्यात संथ, वयस्क घोडा मागून घ्या. पहिले दोन आठवडे प्रशिक्षकाने दोरीवर गोल फिरवत दौड करवून घ्यावी, ताईंच्या हातात लगाम न देता. एक हात खोगिराच्या पुढच्या कडेला, नजर घोड्याच्या कानांच्या वरून. लगाम हातात नसला की ओढायचा प्रश्नच येत नाही, आणि मांड बसायला लागते.